आंजर्ल्याची माहेरवाशीण : सागरी कासव

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यात, जोग नदी जेथे अरबी समुद्रास मिळते तेथे, खाडीच्या उत्तर तीरावर आंजर्ले हे गाव वसलेले आहे. दक्षिणेस हर्णैचे मासळी बंदर व समुद्रात उभा असलेला सुवर्णदुर्ग, उत्तरेस केळशी, माथ्यावर कड्यावरच्या गणपतीचे प्रसिद्ध देवस्थान आणि खाली नारळी-पोफळीच्या वाड्यांपलीकडे सुरूच्या बनाने वेढलेली लांबलचक पुळण. हे मंदिर पूर्वी समुद्रकाठी होते. पाणी आत आल्यामुळे देव कड्यावर गेला, अशी आख्यायिका गावात सांगितली जाते. समुद्र किनारा खातो, ही गोष्ट आंजर्लेकरांना नवी नाही, एवढे त्यावरून कळते.

या पुळणीवर हिवाळ्यातील रात्री एक विलक्षण बाळंतपण पार पडते. नोव्हेंबर ते मार्च या काळात, बहुधा भरतीच्या पाण्याबरोबर, एक मादी कासव लाटांतून बाहेर येते. पाण्यात पक्ष्यासारखा विहरणारा हा प्राणी जमिनीवर मात्र अत्यंत अवघडलेला असतो. पुढचे दोन वल्ह्यांसारखे पाय वाळूत रोवून ती सुमारे पस्तीस-चाळीस किलोचे शरीर फरफटत ओढते. भरतीची रेषा ओलांडून ती कोरड्या वाळूत येते, मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा खणते आणि त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते. मग वाळू ढकलून खड्डा बुजविते, आपल्या अंगाच्या भाराने ती वाळू दाबून घट्ट करते आणि मागे वळूनही न पाहता समुद्रात निघून जाते. हे सारे तासाभरात आटोपते. मागे उरतो तो ट्रॅक्टरच्या चाकाच्या खुणेसारखा दिसणारा वाळूवरील माग.

ही कासवीण ऑलिव्ह रिडले जातीची. कवचाचा रंग ऑलिव्हच्या फळासारखा हिरवट-करडा असतो म्हणून हे नाव. जगात सागरी कासवांच्या सात जाती आहेत. त्यांपैकी पाच भारताच्या समुद्रात आढळतात : ऑलिव्ह रिडले, हिरवे कासव, चोचीसारख्या तोंडाचे हॉक्सबिल, मोठ्या डोक्याचे लॉगरहेड आणि कातडी पाठीचे लेदरबॅक. कोकणच्या किनाऱ्यावर अंडी घालण्यासाठी येते ती प्रामुख्याने ऑलिव्ह रिडलेच.

आपल्या भाषेने कासवाला पुष्कळ काही बहाल केले आहे. सशाशी शर्यत लावणारे कासव आपल्याला बालपणीच भेटते. मंदिराच्या सभामंडपातील दगडी कासव महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाचे आहे. संकट दिसताच अवयव आत ओढून घेणारे कासव हे इंद्रियनिग्रहाचे प्रतीक मानले गेले. आणि संतवाङ्मयात तर कासवी आपल्या पिलांना दूध न पाजता केवळ नजरेने वाढविते, अशी सुंदर कल्पना आहे. निसर्गाचा अभ्यास मात्र निराळे सांगतो. सागरी कासवाला मान व पाय कवचात ओढून घेताच येत नाहीत. पोहण्यासाठी कवच निमुळते झाले तेव्हा ती सोय गेली. आणि कासवीची नजर? ती आपल्या पिलांना जन्मात कधी पाहत नाही. अंडी घालताना तिच्या डोळ्यांतून वाहणारे पाणी पाहून मायेचे अश्रू म्हणणारे लोक आहेत. परंतु ते शरीरातील जादा मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथींचे खारे पाणी असते. समुद्रात असतानाही ते वाहतच असते, आपल्याला दिसत नाही इतकेच. तरीही, एवढे कष्ट करून अंडी सुरक्षित जागी ठेवणाऱ्या या प्राण्याविषयी मनात कोमल भावना येते, ती विज्ञानाने पुसली जात नाही.

सुवर्णदुर्गाच्या खडकाहूनही जुने

या पाहुणीच्या कुळाची वंशावळ पाहू लागलो तर मन थक्क होते. ज्या खडकावर सुवर्णदुर्ग उभा आहे तो कोकणातील व सह्याद्रीतील अन्य काळ्या पाषाणाप्रमाणे लाव्हारसाचा बनलेला आहे. हे प्रचंड लाव्हाप्रवाह सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिले. डायनोसॉर पृथ्वीवरून नाहीसे झाले तो काळही हाच. आणि कासवे? ती त्याच्या कितीतरी आधीपासून पृथ्वीवर आहेत.

चीनच्या ग्वीचौ प्रांतात सापडलेल्या ओडोन्टोकेलिस या प्राण्याचे वर्णन २००८ साली प्रसिद्ध झाले. सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीच्या या आद्य कासवाला पोटाकडचे कवच पूर्ण होते, पाठीकडचे मात्र अर्धवट. आणि तोंडात चक्क दात होते. आजच्या एकाही कासवाला दात नाहीत. कवच कसे घडले, या प्रश्नावर या जीवाश्माने मोठा प्रकाश टाकला. कासवाचे कवच हे गोगलगायीच्या शंखासारखे बाहेरून चढविलेले घर नव्हे. त्याच्या बरगड्याच रुंद होत गेल्या, एकमेकींना व पाठीच्या कण्याला जुळल्या आणि त्यांचे छत तयार झाले. त्यामुळे कासव आपल्या कवचातून बाहेर येऊ शकत नाही. चित्रपटांत व चित्रकथांत ते दाखवितात, पण तसे करणे म्हणजे आपण आपल्या बरगड्यांतून बाहेर येण्यासारखे आहे. याहून नवलाची गोष्ट अशी की, आपले खांद्याचे हाड बरगड्यांच्या बाहेर असते. कासवाचे बरगड्यांच्या आत.

समुद्रात उतरलेल्या कासवांचा ज्ञात इतिहास सुमारे १२ कोटी वर्षे मागे जातो. तेवढ्या जुन्या सागरी कासवाचे जीवाश्म दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात मिळाले असून त्याचे वर्णन २०१५ साली झाले. त्या वेळी भारताचा भूभाग आशियाला जोडलेलाही नव्हता, हिमालय नव्हता आणि कोकण तर नव्हतेच. पुढे समुद्रात महाकाय कासवे झाली. १८९५ साली अमेरिकेतील दक्षिण डाकोटा राज्यात वीलंड नावाच्या संशोधकाला आर्केलॉन हे कासव मिळाले. सात-आठ कोटी वर्षांपूर्वीच्या या जातीच्या मोठ्या कासवाची लांबी सुमारे १५ फूट, म्हणजे एखाद्या मोटारगाडीएवढी होती. वीलंडला मिळालेल्या सांगाड्याचा मागचा उजवा पाय अर्धाच आहे. तो लहानपणीच कोणा शिकारी प्राण्याने तोडला असावा व त्यानंतरही हे कासव जगले असावे, असे त्याने अनुमान केले. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या एका लंगड्या कासवाची ही कथा अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या पीबडी संग्रहालयात आजही पाहता येते.

आर्केलॉनचे कुळ नामशेष झाले. आज हयात असलेल्या कासवांत सर्वांत मोठे म्हणजे लेदरबॅक. १९८८ साली वेल्समधील हार्लेक येथे किनाऱ्याला लागलेल्या लेदरबॅक नराचे वजन ९१६ किलो भरले होते. आपल्या देशात निकोबार बेटांवर हे कासव अंडी घालते. मोठ्या निकोबारमधील गॅलाथिया उपसागर हे त्याचे महत्त्वाचे ठिकाण. २०२१ साली तेथील अभयारण्याचा दर्जा बंदर-प्रकल्पासाठी काढून घेण्यात आला. त्यावर देशभरातील निसर्ग अभ्यासकांनी चिंता व्यक्त केली आहे, व ती अनाठायी नाही.

आपल्या मुंबई परिसरातही प्राचीन कासवांचे अवशेष आहेत, हे अनेकांना ठाऊक नसते. दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या काळात साचलेल्या गाळात गोड्या पाण्यातील जीवांचे जीवाश्म टिकून राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वरळीच्या टेकडीखालच्या अशाच थरात कासवांचे अवशेष मिळाले होते; त्याच थरांतून इवले बेडूकही मिळाले. पुढे २००३ साली मुंबईतील अशाच एका कासवाला संकुकेमिस सेठनाय असे शास्त्रीय नाव देण्यात आले. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात भूशास्त्र शिकविणारे प्राध्यापक सेठना यांचे नाव त्यात गुंफलेले आहे. त्या महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी आपल्या वाचकांत अनेक असतील. त्यांना हे वाचून नक्कीच आनंद होईल. शिवालिक टेकड्यांत तर फाल्कनर व कॉटले या द्वयीला प्रचंड भूकासवाचे जीवाश्म मिळाले. प्रथम त्यांनी केलेला आकाराचा अंदाज उत्साहाच्या भरात बराच फुगला होता; तरी आजच्या मोजमापानेही ते कवच सुमारे सहा फुटांचे ठरते.

हे सारे सांगण्याचे कारण एवढेच की, उल्कापात, ज्वालामुखी व हिमयुगे पाहिलेल्या या कुळाला गेल्या शंभर-दीडशे वर्षांत जो फटका बसला तसा क्वचितच बसला असेल.

अंडी चोरणारे हात, अंडी राखणारे हात

कोकणात पूर्वी कासवाची अंडी खाल्ली व विकली जात. वाळूवरील माग पाहत जायचे, काठी खुपसून भुसभुशीत जागा शोधायची व अंडी काढून न्यायची. माणसाकडून राहिलेली अंडी कुत्रे व कोल्हे उकरीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ऑलिव्ह रिडलेला पहिल्या अनुसूचीत स्थान आहे, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच तिला. परंतु कायद्याचे पुस्तक रात्री दोन वाजता पुळणीवर पहारा करीत नाही.

तो पहारा सुरू झाला तो जवळजवळ योगायोगाने. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेचे कार्यकर्ते भाऊ काटदरे यांच्या नेतृत्वाखाली पांढऱ्या पोटाच्या समुद्र गरुडाची पाहणी करीत किनाऱ्याने हिंडत होते. २००२ साली मंडणगड तालुक्यातील वेळास येथे त्यांना कासवाचे घरटे व अंड्यांची टरफले दिसली. वेळास हे नाना फडणवीसांचे गाव. आता ते कासवांचे गाव म्हणून ओळखले जाते. गावकऱ्यांना सोबत घेऊन त्याच हंगामात घरटी राखण्याचे काम सुरू झाले आणि हळूहळू ते किनाऱ्यावरील अन्य गावांत पसरले. आंजर्ले हे त्यांतील एक प्रमुख गाव. आज वन विभाग, कांदळवन कक्ष व कांदळवन प्रतिष्ठान यांच्या साहाय्याने गावोगावचे 'कासवमित्र' हे काम करतात.

काम सांगायला सोपे, करायला चिकाटीचे आहे. हंगामात रोज पहाटे, उजाडण्यापूर्वी, सबंध पुळण पायी तुडवायची. माग दिसला की घरटे शोधायचे. जागा सुरक्षित नसेल तर अंडी काढून कुंपण घातलेल्या जागेत हलवायची. याला सर्वजण 'हॅचरी' म्हणतात. तेथे तेवढ्याच खोलीचा व त्याच आकाराचा खड्डा खणून त्यात अंडी ठेवतात. येथे वेळेला फार महत्त्व आहे. कोंबडीचे अंडे अधूनमधून फिरवावे लागते. कासवाच्या अंड्याचे अगदी उलट असते. अंडी घातल्यानंतर काही तासांतच आतील गर्भ कवचाच्या वरच्या अंगाला चिकटतो. त्यानंतर अंडे उलटे झाले तर गर्भ मरण पावतो. म्हणून अंडी पहाटेच, लवकरात लवकर व अलगद हलवावी लागतात. उशीर झाला तर हात न लावणेच शहाणपणाचे.

साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिले अंडी फोडतात. एकटे पिलू वाळूतून वर येऊ शकत नाही; सारी भावंडे मिळून हातपाय हलवितात, वरची वाळू खाली घसरते आणि सर्वांचा तळ हळूहळू वर चढत येतो. वाळू थंड झाली की ती बाहेर पडतात. घरट्यावर झाकलेली टोपली सकाळ-संध्याकाळ उचलून पाहतात, तेव्हा कधी तिच्याखाली शंभरभर काळी चिमुकली पिले वळवळत असतात. त्यांना पाण्यापासून थोडे दूर वाळूवर सोडतात, हातांनी समुद्रात टाकत नाहीत. तेवढे अंतर त्यांना स्वतः चालू देणे आवश्यक मानले जाते.

पुढचा हिशेब कठोर आहे. हजार पिलांमागे साधारण एखादेच पूर्ण वाढते, असे अभ्यासक मानतात. खेकडे, समुद्रपक्षी, मासे यांच्या तडाख्यातून वाचलेली मादी दहा-पंधरा वर्षांनी वयात येते आणि सामान्यतः ज्या किनारपट्टीवर जन्मली त्याच भागात अंडी घालण्यास परतते. पृथ्वीच्या चुंबकत्वाची किनाऱ्यागणिक बदलणारी खूण सागरी कासवांना ओळखता येते, असे प्रयोगांतून दिसले आहे. आपल्याकडे लेक बाळंतपणाला माहेरी येते. ही मादी होकायंत्राशिवाय शेकडो कोस पोहून तेच करते. वेळासला व आसपास पहिल्या हंगामांत राखलेली पिले आता वयात आलेली आहेत. पिलू इतके लहान असते की त्याला धातूचा बिल्ला लावता येत नाही. पण आज आंजर्ल्याच्या वाळूत शिरणाऱ्या माद्यांपैकी काही जणी त्या काळच्या टोपल्यांखालच्या असणे अगदी शक्य आहे.

सावनी, बागेश्री आणि ०३२३३

किनाऱ्यावरून गेल्यावर ही कासवे कोठे जातात, हे कोणास ठाऊक नव्हते. जानेवारी २०२२ मध्ये डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था व कांदळवन प्रतिष्ठान यांनी अंडी घालून परतणाऱ्या माद्यांच्या पाठीवर प्रथमच उपग्रह-संदेशक बसविले. वेळासच्या मादीचे नाव 'प्रथमा' आणि आंजर्ल्याच्या मादीचे 'सावनी'. पुढच्याच महिन्यात गुहागरला 'लक्ष्मी', 'वनश्री' व 'रेवा' यांची भर पडली. संदेशक विशिष्ट रसायनाने कवचाला चिकटवितात. कासव श्वास घेण्यासाठी पाण्यावर आले की त्याचा संकेत उपग्रहाकडे जातो व ठिकाण कळते. लक्ष्मीचा संकेत काही आठवड्यांतच थांबला. खुल्या समुद्रात उपकरणाचे काय होईल ते सांगता येत नाही.

२०२३ च्या फेब्रुवारीत गुहागरलाच 'बागेश्री' व 'गुहा' यांना संदेशक लावले गेले. बागेश्रीने सर्वांना चकित केले. ती दक्षिणेकडे पोहत गेली, कन्याकुमारी मागे टाकली, श्रीलंकेला वळसा घातला आणि थेट बंगालच्या उपसागरात शिरली. आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याच्या उलट घडले. गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालणाऱ्या एका मादीच्या पायावर धातूचा बिल्ला आढळला : क्रमांक ०३२३३. तो बिल्ला २०२१ साली ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने लावलेला होता.

याचे महत्त्व समजण्यासाठी ओडिशाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे लागेल. तेथे गहिरमाथा व ऋषिकुल्या येथे लाखो माद्या काही रात्रींत एकदम किनाऱ्यावर येतात. स्पॅनिश भाषेतील 'अरिबादा', म्हणजे आगमन, हा शब्द या सोहळ्यासाठी जगभर वापरतात. २०२५ साली एकट्या ऋषिकुल्येला सुमारे सात लाख माद्यांनी अंडी घातली. कोकणात असे होत नाही. येथे मादी एकटी येते, आज आंजर्ल्याला एक, उद्या केळशीला दुसरी. म्हणून पूर्व व पश्चिम किनाऱ्यांची कासवे वेगळी असावीत असा समज होता. बागेश्री व ०३२३३ यांनी त्या भिंतीला खिडकी पाडली आहे. दोन कासवांवरून सर्व कासवांविषयी नियम बांधणे घाईचे ठरेल. पण एकच मादी एका वर्षी ओडिशात आणि दुसऱ्या वर्षी कोकणात अंडी घालू शकते, हे तरी सिद्ध झाले. माहेर एकच असते या आपल्या समजुतीलाही तिने धक्का दिला म्हणायचा!

संकट आता वाळूत आणि जाळ्यात

अंड्यांची चोरी कोकणात पुष्कळच कमी झाली. मात्र नव्या अडचणी उभ्या आहेत. त्यांतील सर्वांत सूक्ष्म अडचण उष्णतेची. कासवाच्या पिलाचे लिंग गर्भधारणेच्या वेळी ठरत नाही. ते वाळूच्या उबेवर ठरते. साधारण २९-३० अंश सेल्सिअसच्या आसपास नर व मादी दोन्ही निपजतात. वाळू त्याहून थंड राहिली तर नर अधिक, तापली तर माद्या अधिक. फारच तापली तर अंडी नासतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागातील हिरव्या कासवांच्या लहान पिढीत ९९ टक्क्यांहून अधिक माद्या आढळल्या, असा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. आंजर्ल्याला मार्च महिन्यात अनवाणी चालून पाहावे, म्हणजे ही चिंता पायांना आपोआप समजते. हंगामातील लवकरची घरटी थंडीत वाढतात. उशिराची उन्हाच्या तावडीत सापडतात. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीच्या घरट्यांचे मोल अधिक, आणि हॅचरीवर सावली धरणे ही केवळ दयेची गोष्ट राहिलेली नाही.

दुसरे संकट किनाऱ्याची धूप व बांधकामे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावरील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. बाग उभी राहण्यास वर्षे लागतात. अशा गावांत कासव पाहण्यास येणाऱ्या पाहुण्यांमुळे घरोघरी न्याहारी-निवासाचे चार पैसे मिळतात, हे लक्षात घेतले पाहिजे. पण तेच पाहुणे वाढले की किनाऱ्यालगत खोल्या, दिवे व गाड्या येतात. पिलू अंधारात उजळ क्षितिजाकडे चालते. नैसर्गिक स्थितीत तो समुद्र असतो. मागे हॉटेलचा दिवा असला की ते उलट्या दिशेने जाते. उपजीविका व संरक्षण यांचा असा गुंता गावाने रोज सोडवावयाचा आहे. शहरात बसून उपदेश करणाऱ्यांनी तो सोपा समजू नये.

तिसरे व सर्वांत मोठे संकट जाळ्यांचे. कासव फुप्फुसाने श्वास घेते. ट्रॉलरच्या जाळ्यात अडकले व वर येऊ शकले नाही तर ते गुदमरून मरते. जानेवारी २०२५ मध्ये तामिळनाडूच्या किनाऱ्याला हजारांहून अधिक मृत ऑलिव्ह रिडले लागली होती. कोळंबीच्या जाळ्यात 'टेड' नावाची तिरकी जाळीदार चौकट बसविली तर कोळंबी मागे जाते व कासव वरच्या झडपेतून निसटते. भारतीय बोटींवर तिचा पुरेसा वापर नाही म्हणून अमेरिकेने २०१९ पासून भारतातील समुद्रातून पकडलेल्या कोळंबीची आयात बंद केली. कासवाचा प्रश्न थेट बंदरावरील भावाला येऊन भिडला. मच्छीमार बांधवांची बाजूही ऐकली पाहिजे. जाळे महाग असते आणि कासव सोडविण्यासाठी ते कापावे लागते. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१८ पासून अशा वेळी जास्तीत जास्त २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना केली आहे. त्यासाठी कासव सोडतानाचे छायाचित्र वा चित्रफीत लागते. हर्णै, उत्तन, वसई, अर्नाळा, सातपाटी येथील अनेक नाखवांनी जाळी कापून कासवे सोडलेली आहेत.

बातमी सर्वच वाईट नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने हिरव्या कासवाला 'धोक्यातील' गटातून काढून 'कमी चिंतेच्या' गटात ठेवले. किनारे राखणे, अंड्यांची विक्री थांबविणे व जाळ्यांत बदल करणे या दशकानुदशकांच्या कामाचे ते फळ आहे. ऑलिव्ह रिडले मात्र अजून 'असुरक्षित' गटातच आहे. २०१८ च्या मार्चमध्ये मुंबईच्या वर्सोवा किनाऱ्यावर, स्वच्छता मोहिमेनंतर, ऐंशीच्या आसपास पिले समुद्रात गेल्याचे आपण वाचले असेलच. आपल्या उत्तर कोकणच्या किनाऱ्यालाही पावसाळ्यात जखमी कासवे लागतात. जाळ्याच्या दोऱ्यांनी त्यांचे पाय कापले गेलेले असतात. अशा कासवाला लगेच समुद्रात ढकलू नये. दमलेले वा जखमी कासव बुडून मरू शकते. त्याला सावलीत ठेवावे, अंगावर ओले फडके घालावे पण नाकपुड्या मोकळ्या ठेवाव्यात, पाणी पाजू नये, आणि वन विभागाच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर कळवावे. डहाणू येथे सागरी कासवांसाठी उपचार केंद्र आहे.

वेळासचा कासव महोत्सव २००६ साली सुरू झाला. पुढे आंजर्ल्यातही तो होऊ लागला. सहकुटुंब जावयाचे असल्यास फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचा काळ बरा. पिले सकाळी सातच्या सुमारास व सायंकाळी सूर्यास्तापूर्वी सोडतात. दोरीच्या अलीकडे उभे राहावे, झोतदिवा लावू नये, पिलाला हात लावू नये, आणि आदल्या दिवशी गावात चौकशी करून निघावे. पिले पंचांग पाहून जन्मत नाहीत. शहरातून सहा-सात तास प्रवास करून आलेली मंडळी टोपली रिकामी निघाली की कुरकुर करतात. कासवमित्र तेव्हा शांतपणे टोपली पुन्हा झाकतो आणि म्हणतो, संध्याकाळी बघू.